ढोककाकांवर काढलेलं पत्रक

अन्याय झाला तो माझ्या आईवर, मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी पावणेसात वाजता. त्या वेळी शेजारच्या ढोककाकांच्या बोअरचं पाणी आमच्या टाक्यात पडायला हवं होतं आणि ते पडलं नाही. हे वाक्य मी इतक्या सभांत उच्चारलं आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आता मात्र ते म्हणताना मधेच अडखळायला होतं. आईवर अन्याय झाला हे खरं. तो त्या शनिवारी झाला, की त्याआधीच्या पंधरा वर्षांत रोज थोडा थोडा झाला, की त्यानंतरच्या मंगळवारी माझ्याच हातून झाला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आत्मकथन साठीनंतर लिहावं म्हणतात. मी तीस वर्षांची आहे आणि साठीपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. तोवर हे ज्यांना ठाऊक आहे ते कॉलनी सोडून गेलेले असतील. निम्मे आत्ताच गेलेत.

अकोल्यात कौलखेडच्या पुढे आमची कॉलनी. शेतातच प्लॉट पाडलेले, त्यात बाबांनी आणि ढोककाकांनी एकाच वर्षी, एकाच मिस्त्रीकडून घरं बांधून घेतली. दोन्ही घरांना तीच चॉकलेटी ग्रील, समोर तोच दीड हात ओटा, तीच जिन्याखाली कोंबलेली मोरी. बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. ढोककाका एमआयडीसीतल्या एका दाल मिलमध्ये स्टोअर सांभाळायचे. आम्ही वानखडे बौद्ध, ते माळी. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे, कारण सगळ्यांकडे फ्रीज होता, सगळ्यांची पोरं कॉन्व्हेंटात जात होती आणि सगळ्यांना वाटायचं की आपण आता त्या जुन्या गोष्टींच्या पलीकडे राहायला आलो आहोत. मध्यमवर्ग हा शब्द मी नंतर पुस्तकांत वाचला. तेव्हा माझ्या लेखी त्याचा अर्थ दारात स्कूटर आणि कपाटात फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेले सहा कप, एवढाच होता.

नळ पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, अजूनही तसाच येतो. आमच्या प्लॉटवर बोअर दोनदा खोदला, दोनदा नुसती पांढरी धूळ निघाली. काकांच्या बोअरला भरपूर पाणी लागलं. तेव्हा त्यांनी स्वतःच कंपाउंडच्या भिंतीवरून एक काळा पाईप आमच्या टाक्यात सोडून दिला. रोज सकाळी ते बटण दाबत. आधी भिंतीपलीकडून मोटरची घुरघूर येई, मग पाईप थडथड करत हवा सोडी, शिंका दिल्यासारख्या दोन-तीन, आणि मग धार. त्या आवाजावर आमचं घर जागं व्हायचं. बाबा दाढीचं पाणी ठेवत, आई कणीक मळायला घेई, मी उशी कानावर ओढे. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतही तेच पाणी. बाबा बिलाचा अर्धा भाग द्यायला गेले की काका चिडत. "पाण्याचे पैसे घेऊ काय आता, वानखडे साहेब? मले काय दुकान टाकाचं हाये?"

तिकडून दरवर्षी होळीच्या आसपास तुरीच्या डाळीची पांढरी पिशवी यायची. मिलची, पण पॉलिश न मारलेली, शिजताना घरभर वास सुटणारी. आमच्याकडून हिवाळ्यात कोथिंबिरीच्या सांभारवड्या जायच्या. आई तळत असतानाच काका भिंतीपाशी येऊन उभे राहत आणि तिथंच दोन खाऊन टाकत, "तिखट कमी झालं यंदा" म्हणत तिसरी मागत. डबा काकू घेत, घासून परत देत, आणि रिकामा कधीच देत नसत, त्यात चमचाभर तरी साखर असे. पण ढोककाकू आमच्या घरात कधी चहा प्यायल्या नाहीत. येत, सोफ्यावर बसत, तासभर बोलत. आईनं विचारलं की त्या दिवशी नेमका सोमवार असे, नाहीतर चतुर्थी, नाहीतर एकादशी. काहीच नसलं तर "आत्ताच घेऊन आली व बाई." पाण्याचा पेला मात्र त्या हातात घेत. गप्पा संपेपर्यंत धरून ठेवत आणि निघताना टीपॉयवर तसाच काठोकाठ ठेवून जात. आई तो मोरीत ओतत नसे. बाहेर नेऊन जास्वंदीला घालत असे. आम्ही याबद्दल घरात एक अक्षर बोललो नव्हतो. पंधरा वर्षं.

मग निवडणुकीचं वर्ष आलं. कॉलनीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर वाढदिवस, नळाची वेळ, कोणाच्या अंगणात निघालेला साप, एवढंच असायचं. त्यावर हळूहळू व्हिडिओ यायला लागले. ढोककाका पहाटे पाचलाच सात-आठ टाकून द्यायचे. बाबा त्यांना संविधानातलं कलम टाइप करून उत्तर द्यायचे, एका बोटानं, अर्धा तास लावून. त्याआधी दोघं ओट्यावर एकाच पेपरची पानं वाटून घेऊन बसत. "तुमचा माणूस पडते बरं यंदा," काका म्हणत. "पडू द्या," बाबा म्हणत, "तुमचा निवडून आला तरी काही तुमच्या घरी कूलर भराले येत नाई." आणि दोघं हसत. त्या वर्षी ते हसणं थांबलं. नेमकं कोणत्या दिवशी, ते मी शोधायचा खूप प्रयत्न केला आहे. सापडत नाही. पुढे ग्रुपचेच दोन ग्रुप झाले आणि दोन्हींचं नाव 'आपली कॉलनी' असंच राहिलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि एका संघटनेत नुकतीच घुसलेली. आमच्या संघटनेचे इंगोले सर मला पत्रकं लिहायला शिकवत होते. "पोरी, पत्रक म्हंजे निबंध नाई. कोणावर अन्याय झाला, कधी झाला, हे पह्यल्या ओळीत. मागणी शेवटच्या ओळीत. मधात पाल्हाळ लावला तर लोक त्याच्यात भजे बांधतात." मी ते इतकं मनावर घेतलं होतं की घरात मीठ कमी पडलं तरी त्यात अन्याय कोणावर आणि कधी हे शोधायची. जुन्या ग्रुपवर, तो फुटायच्या आधी, मी एकदा लिहिलं होतं की असले व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांच्या डोक्यात शेण भरलेलं असतं. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. त्या वर्षी होळी होऊन गेली आणि डाळीची पिशवी आली नाही. "पाह्यलं?" मी आईला म्हटलं. "राजकारण आता डाळीत उतरलं." आईनं किराण्याच्या यादीत तूरडाळ लिहिली.

आणि मग तो शनिवार. पावणेसात झाले, सात झाले, भिंतीपलीकडे सामसूम. अकोल्याच्या मे महिन्यात सात वाजताच ऊन अंगाला चावायला लागतं. टाक्यात वीतभर पाणी होतं. रविवारीही तेच. आईनं मला पाठवलं. काका गेटवरच उभे होते, बनियनवर, दाढी वाढलेली.

"काका, मोटर नाई लावली?"

"नाई."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुमचं तुमी पाहा आता. आमाले नाई जमत पाणी द्याले."

"पण काही झालं काय?"

"तुले ठाऊक नाई काय झालं ते? आमच्या डोक्यात शेण हाये ना? मंग शेणवाल्याचं पाणी कायले पायजे तुमाले?" आणि ते आत गेले. दार लावून घेतलं.

माझ्या हातात आता सगळं होतं. अन्याय झालेली व्यक्ती, दिवस, वेळ, आणि अपराध्याच्या तोंडचं कारण. सोमवारी सकाळी आई बादलीभर पाण्यात काढलेले दोनच कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडे बघत म्हणाली, "सुजू, त्याइच्या दोरीवर दोन दिवसापासून एक कपडा नाई. मले वाटते मोटरच बंद पडली असंन." दुपारी मी स्वतः ढोककाकूंना दूरच्या हापशीवर पाहिलं. डोक्यावर पदर, हातात दोन कळश्या, भर उन्हात. पाहिलं आणि पुढे गेले. आईला मी म्हटलं, "तू भोळी आहेस. तो माणूस स्वतःच्या तोंडानं कारण सांगून राहिला, अन् तू त्याच्यासाठी मोटर बिघडवून राहिली." आज मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्याचा. पत्रकात मी हे वाक्य घातलं नाही. बाकीची घातली. गुलाबी कागदावर, पाचशे प्रती, मंगळवारी सकाळी कॉलनीच्या घराघरात. मजकूर चारच वाक्यांचा होता. सरांनी एक काना बदलला नाही.

'आमच्या कॉलनीतील श्री. ढोक यांनी राजकीय द्वेषापोटी शेजारच्या बौद्ध कुटुंबाचे पाणी शनिवारी सकाळी पावणेसात वाजता तोडले. हे एका माणसाचे नव्हे, एका विचारसरणीचे कृत्य आहे. ज्या घराने पंधरा वर्षे या कुटुंबाच्या घरचा चहा टाळला, त्याच घराने आज पाणीही नाकारले. अशा घराशी कॉलनीतील कोणीही बोलणे, बसणे वा कोणताही व्यवहार ठेवू नये, अशी आमची मागणी आहे.'

आईला पत्रक मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी आणून दिलं. मी घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, चष्मा लावून, कागद गुडघ्यावर. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"चहाचं तुले कोणं सांगतलं?"

"कोणी कायले सांगाले पायजे? मी पाहत नव्हती काय?"

"मंग पाहत राहाचं होतं. मी पंधरा वर्षं त्या बाईचा पेला उचलला, कोणाले कळू देल्लं नाई. तुह्या बाबालेही नाई. तू पाचशे घरात वाटला." मग तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् हे? बोलू नये, बसू नये, व्यवहार ठेवू नये? हे आपल्या घरातून निघालं? माह्या आजीच्या गावात तिच्यासाठी अशीच दवंडी देल्ली होती. शब्दही हेच असतीन."

मी तावातावानं बोलले. म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं, त्यांच्याकडे सत्ता आहे, आपल्याकडे काय आहे. आईनं त्या कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि तो डाळीच्या डब्याखाली सरकवून दिला. मग टाक्यातलं उरलेलं पाणी काढायला गेली.

पुढचं जे झालं त्याची कल्पना मला नव्हती. सरांना असावी, असं आता वाटतं. गुरुवारी सकाळी ढोककाकांच्या दारात दोन जीप आल्या. समोरच्या पक्षाची पोरं होती, गळ्यात गमछे. त्यांनी काकांना ओट्यावर खुर्चीत बसवलं, हार घातला, नारळ दिला, फोटो काढले. 'झुकले नाहीत' असं काहीतरी एक जण ओरडला. हारातले काका मी माझ्या खिडकीतून बघत होते. त्यांचं तोंड एखाद्याला चुकून दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या जागी बसवावं तसं झालं होतं. मग जीपमधून एक नवी कोरी मोटर उतरवली आणि ती बोअरमध्ये सोडायला आमच्याच भागातले मिस्त्री रफिकभाई आले. काम आटोपून ते आमच्या गेटपाशी बिडी पेटवायला थांबले.

"चाचा, जुन्या मोटरले काय झालं होतं?" मी विचारलं.

"जल गई थी ना बेटा. शुक्रवार कोच लेके आये थे ढोकसाब स्कूटर पे. मैं बोला दो दिन में नई तार भर के देता. तो बोले, रहने दे रफिक, होली के बाद से मिल बंद है, अभी पैसा नक्को लगाऊं मैं. मेरे दुकान में पड़ी है." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कायको? तुम लोगां को मालूम नै था?"

कॉलनीत कोणालाच मालूम नव्हतं. दोन महिने तो माणूस रोज मिलच्या वेळेला स्कूटर काढून जात होता आणि मिलच्या वेळेला परत येत होता. मी जाऊन सरांना सांगितलं, दुरुस्ती काढू या. सर म्हणाले, "आता माघार घेतली तर त्याइले आयतं कोलीत भेटते. अन् पोरी, पाणी देत नाई हे त्यानं स्वतः म्हटलं का नाई?" म्हटलं होतं. चहा टाळला होता का नाही? टाळला होता. मग खोटं काय होतं? मी गप्प बसले, आणि गप्प बसायचं मला कोणी शिकवलं नव्हतं तरी ते छान जमलं.

नवी मोटर सुरू झाली. पावणेसातला तोच आवाज यायला लागला, पण पाईप कोरडाच. दोन-तीन दिवसांनी ढोककाकू भिंतीपाशी आल्या. आई अंगण झाडत होती.

"वानखडे बाई, पाणी सोडलं असतं वो. पण तिकडं पाईप चालू दिसला तर मोटर काढून नेऊ म्हणते ते पोट्टे. गेटवर झेंडा लावून गेले. ह्यांले तो काढाचीही भीती वाटते."

"राहू द्या," आई म्हणाली. "तुमी भरा."

"तुमच्या पोरीनं चहाचं कायले लिवलं?"

आई झाडायची थांबली. मी दाराआड होते, मला वाटलं आता बोलेल, पंधरा वर्षांचं एकदम बोलेल. आई म्हणाली, "पोरगी लहान हाये." एवढंच. काकू आणखी काही म्हणणार होत्या, पण घरातून काकांनी हाक मारली आणि त्या गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे कधी आल्या नाहीत. आईला त्या बाईची सवय होती, भरल्या पेल्यासकट. मी तिची ती एक मैत्रीण घालवली. ती बरोबरीची मैत्रीण नव्हती, हे मला आजही ठासून सांगावंसं वाटतं, आणि आई ते ऐकत असली की मी सांगत नाही. आम्ही टँकरवर राहिलो. पुढच्या उन्हाळ्याच्या आत ढोकांचं घर विकलं गेलं आणि ते मुलाकडे अमरावतीला गेल्याचं कळलं.

मीही आता अमरावतीतच असते. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जितके तास तितकं मानधन, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. बाबांच्या कायम नोकरीनं जे घर बांधलं त्याच्या एका खोलीलाही माझ्या कमाईत रंग लागत नाही. मागच्या महिन्यात मी कंत्राटी भरतीविरुद्धची पत्रकं घेऊन बडनेरा रोडवरच्या एका फ्लॅट स्कीमच्या गेटवर उभी होते. वॉचमन उठून आला. निळा शर्ट खांद्यातून उतरलेला.

"मॅडम, पत्रकं अलाऊड नाईत." मग चष्मा वर करून, "सुजू काय वं तू?"

ढोककाका. त्यांनी माझ्या हातातून एक पत्रक घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. "तुह्यंच हाये. वळखू येते. माह्यावरचं मात्र चुकलं होतं तुह्यं."

"हो काका."

"मंग दुसरं काहून नाई काढलं?"

"तुमी मोटर जळाली म्हणून सांगितलं असतं तर…"

"तर तू इचारलं असतं, भरून काहून नाई आणत. मंग मिलचं सांगा लागलं असतं. भांडण सांगणं सोपं गेलं मले. त्या टायमाले सारेच भांडत होते. भांडणाचं कारण कोणी इचारत नाई."

मी विचारलं, आता लिहू का. लाज वाटणार नाही का.

"आता कायची लाज? सामनेवाल्या साहेबाचा पोरगा जेवणाचे डबे पोचवते. तुले तासाचे पैसे भेटते. एकट्याचं होतं तवा लाज होती. लिव. पण तवा वाटलं तसंच वाट, दारोदारी. अन् मिलचं नाव नको लिवू, मालक बिचारा मेला."

मग मी धीर करून चहाच्या वाक्याचं विचारलं. ते खरं होतं ना, काका? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. एक गाडी आत वळत होती. ते गेट उघडायला गेले, वहीत नंबर लिहिला, आणि तो लिहायला त्यांना फार वेळ लागला. मी थांबले. ते परत आले नाहीत, केबिनमध्येच बसले.

दुरुस्तीचं पत्रक तयार आहे. त्यात जुनी चारही वाक्यं छापायची आणि चुकलेली खोडून दाखवायची, असं मी ठरवलं आहे. चौथं मी सगळ्यात आधी खोडलं, आईचं बोट अजून त्यावर दिसतं. पहिलं खोडलं, कारण पाणी मोटरनं तोडलं होतं. दुसरं खोडलं, पण नाइलाजानं, कारण गमछेवाली पोरं कोणत्या विचारसरणीतून आली होती हे मला ठाऊक आहे. राहिलं तिसरं. आईला विचारलं तर म्हणाली, "खोड. ते माह्यं होतं, तुह्यं नव्हतं." इंगोले सर म्हणाले, ते खोडलंस तर बाकी पत्रकाला अर्थ नाही. मी ते तीनदा खोडलं आहे आणि तीनदा परत लिहिलं आहे. खरं आहे म्हणून ठेवावं, तर ज्या माणसाची माफी मागायला निघाले त्याच्याच हातात ते पुन्हा द्यायचं. खोडावं, तर पंधरा वर्षांचे ते भरलेले पेले कोणी ठेवलेच नव्हते असं माझ्याच सहीनं लिहून द्यायचं. प्रेसवाला रोज फोन करतो.

म्हणून माझी मागणी तुमच्याकडे आहे, हे वाचणाऱ्याकडे. मला सहानुभूती कळवू नका. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकलं, असं म्हणून पान उलटू नका, ते मी घेणार नाही. पेन घ्या. वर छापलेलं तिसरं वाक्य पुन्हा वाचा. त्यावर रेघ मारा किंवा मारू नका, पण दोन्हींतलं एक करा, खाली स्वतःचं नाव लिहा, आणि मला कळवा.